सात गावांची एक जत्रा

आमच्या पट्ट्यातल्या सात गावांनी एकाच दिवशी जत्रा करायची, ही कल्पना माझी नव्हती. मी फक्त तिचा तक्ता केला. पण आमच्याकडे कल्पना काढणाऱ्याचा सत्कार होतो आणि तक्ता करणाऱ्याला बोलणी बसतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

मी चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत प्लॅनिंग बघते. कुठला माल कधी तयार करायचा, कुठल्या ट्रकात भरायचा आणि ट्रक आला नाही तर कुणाला फोन करून काय बोलायचं, हे माझं काम. शेवटचं मला जास्त चांगलं जमतं. माहेर माझं दापोडीचं, रेल्वेलाइनच्या कडेच्या गल्लीतलं. आमच्या गल्लीला जत्रा नव्हती. गर्दी आणि भांडणं हवी असतील तर ती रोज सकाळी नळावर मिळायची. लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हा मला कळलं, की माणसं वर्षातले दोन महिने फक्त एकमेकांकडे जेवायला जाण्यासाठी राखून ठेवतात.

चैत्र लागला की सुरू होतं. आज आमचा भैरवनाथ, चार दिवसांनी ओढ्यापलीकडची देवी, मग आठवड्यानं हायवेच्या पलीकडचं गाव. सात गावांच्या सात तिथ्या, आणि प्रत्येक गावात बाकीच्या सहा गावांचे सोयरे. त्यामुळे आमच्या कंपनीतला इथला माणूस स्वतःच्या गावच्या जत्रेला दोन दिवस गैरहजर, एक दिवस वाढायला आणि एक दिवस झोपायला. बाकीच्या सहा जत्रांना एकेक दिवस जेवायला. आमचा मॅनेजर परराज्यातला. तो दर उन्हाळ्यात रिकाम्या मशिनीकडे बघून मला विचारायचा, "मॅडम, यहाँ कितने भगवान हैं?"

"सर, भगवान तो सात ही हैं. रिश्तेदार ज्यादा हैं."

अजून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावर उभा आहे. जत्रेचं आमंत्रण द्यायचं नसतं. मला हे माहीत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेला मी हौसेनं दोन सोयऱ्यांना फोन करून "या हं जेवायला" म्हटलं, तर दोन्ही घरं रुसली. आम्ही काय परके आहोत का, आम्हाला बोलवावं लागतं का? तिथी सगळ्यांना पाठ असते. ज्याचं नातं आहे तो येतो. न बोलावता येतो आणि न सांगता तिघांना बरोबर आणतो.

तर त्या वर्षी सातही गावांची बैठक आमच्या देवळाच्या सभामंडपात भरली. बैठक पुढाऱ्यानं बोलावली होती. पुढारी आमच्याच गावचा, कामगार पुरवण्याचं कंत्राट त्याच्याकडे, त्यामुळे माणसं गैरहजर राहिली की फोन त्याला जातात. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, रस्ता एक झाला, बाजार एक झाला. दापोडीपासून चाकणपर्यंत आता एकच पट्टा हाय. मग जत्रा सात कशापायी? एकच दिवस धरू. गुरुवार धरू, कंपन्यांना सुट्टीच असती. कुणाचा पगार कापला जाणार न्हाई, सात पोलीस बंदोबस्त लागणार न्हाईत, सात येळा रस्ता तुंबणार न्हाई. मोठी जत्रा, मोठं नाव!"

टाळ्या झाल्या. मग पाऊण तास वाद झाला. वाद पाहुण्यांवर झाला नाही, मटणावर झाला. गुरुवारी निम्म्या घरांत मटण चालत नाही. कुणाचं दत्ताचं, कुणाचं बाबांचं. एक म्हातारे म्हणाले, "देवाची जत्रा हाय, देवच खातोय, तर आपल्याला काय?" दुसरे म्हणाले, "देवाला सासू नसती." शेवटी ठराव झाला, की त्या दिवसापुरता सातही गावांत बुधवार धरावा. हात वर करून बुधवार मंजूर झाला. ज्यांना तरीही पटत नव्हतं त्यांच्यासाठी बेसनाची मासवडी.

मग पुढारी माझ्याकडे वळला. "वैनी, तुमी कंपनीत प्लॅनिंग बघता. तक्ता करून द्या."

मी केला. फार सुंदर तक्ता झाला होता. पाण्याचे टँकर, मंडप, पालखीच्या वेळा, बैलगाड्या पळतात त्या घाटांचे नंबर, सगळं सात रंगांत. कुठे काही राहिलं नाही ना म्हणून मी तो तीनदा तपासला. मला कौतुक वाटत होतं स्वतःचं.

आता माझ्या नणंदेचं सांगते. नवऱ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, हायवेपलीकडच्या गावात दिलेली, सात किलोमीटरवर. आमची ओढ्याकाठची जमीन कंपनीला गेली तेव्हा कागदावर तिचीही सही लागत होती. आमच्याकडे बहिणी हक्क सोडल्याची सही करून देतात. का करतात असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "माहेर तुटू नये म्हणून." मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही, पण मला कुणी विचारलं नव्हतं. तिनं पेन हातात घेतलं आणि एकच अट घातली. दर जत्रेला भावानं स्वतः न्यायला यायचं, मुराळी म्हणून, आणि स्वतःच्या हातानं ताट वाढायचं. ड्रायव्हर पाठवायचा नाही, फोनवर "ये गं" म्हणायचं नाही. एक वर्ष चुकलं तर ती सही दिलीच नव्हती असं धरायचं. नवऱ्यानं देवळाच्या पायरीला हात लावून कबूल केलं.

त्यानं शब्द पाळला होता. कोरोनात जत्राच बंद होत्या ती दोन वर्षं सोडली, तर एकदाही चुकला नाही. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा टेम्पोत पुढच्या सीटवर आडवा बसून गेला. नणंद टेम्पोत मागं उभी राहून आली आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. सकाळी आठ वाजता पाळणेवाला माझ्यासमोर हात जोडून उभा. त्याचा मोठा पाळणा एक, आणि तक्त्यात नाव सात ठिकाणी. कुणाला नाराज करू नये म्हणून त्यानं पाळणा आमच्या गावात उभा केला होता, जनरेटर ओढ्यापलीकडे दिला होता आणि तिकिटवाला तिसऱ्या गावात बसवला होता. घाटातही तीच तऱ्हा. बैलजोड्या दर वर्षी सातही घाट फिरतात. आता प्रत्येक गावात घरच्याच तीन जोड्या. निवेदक ओरडून ओरडून थकला आणि त्याच त्या बैलांना वेगवेगळी विशेषणं लावून परत परत पळवू लागला. कुस्तीच्या आखाड्यात आमच्या गावचे दोनच पैलवान उतरले, ते सख्खे भाऊ. त्यांची कुस्ती घरी रोजच होते, बघायला कुणी थांबेना.

मी म्हटलं, पहिलंच वर्ष आहे, पुढच्या वेळी दुरुस्त करू. घरात मी पन्नास माणसांचं मटण शिजवलं होतं, भाकरीला दोन बाया लावल्या होत्या. दहा वाजता नवरा इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून मोटरसायकलवर बहिणीला आणायला गेला.

साडेअकराला तो परत आला. एकटाच.

"वन्सं कुठायत?" मी विचारलं.

"येत न्हाई म्हणाली."

"का? रुसल्या?"

"रुसली न्हाई. पदर खोचून चुलीपुढं बसली होती. पन्नास माणसांचं मटण केलंय." तो पायरीवर बसला. टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली. "म्हणाली, येड्या, आमच्या गावची बी जत्रा आजच हाय. मीच तुमची वाट बघतेय. तुमी कधी येताय?"

मी हातातला डबा खाली ठेवला. तक्ता काढून पुन्हा बघितला. सात रंगांच्या त्या तक्त्यात पाहुणे कुठून येणार हा रकानाच नव्हता. सातही गावांचे पाहुणे म्हणजे तीच सात गावं, आणि तक्त्यानं सगळ्यांना आपापल्या घरी यजमान म्हणून बसवलं होतं.

"अजून काय म्हणाली?"

"म्हणाली, वर्ष चुकलं. माझी सही परत दे." नवरा हसेना. "आता ती कुठनं आणू? तिच्यावर कंपनीचं पार्किंग झालंय."

मी गल्लीत डोकावले. प्रत्येक दारात एक स्वच्छ कपड्यांतला माणूस उभा, हात मागं बांधून, रस्त्याकडे बघत. मंडपात सतरंज्या अंथरलेल्या, पाण्याचे ग्लास भरलेले. भाडेकरूंना आम्ही दर वर्षी जेवायला घालतोच. लातूर-नांदेडची ती पोरं अकरालाच जेवून झोपलीही होती. भांडी मात्र तशीच भरलेली. शेजारचा ट्रॅक्टरवाला मला म्हणाला, "वैनी, रस्ता लई मोकळा दिसतोय. ट्रॅफिक जाम हाय का कुठं?"

"जाम नाही, भाऊ. सगळे घरी बसलेत. तुमच्यासारखे."

त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्यानं मेव्हण्याला फोन लावला. "काय राव, निघाला का?" पलीकडून मेव्हणा ओरडला ते मलाही ऐकू आलं, "आमी कशाला निघू? तुमी निघा!" पाच मिनिटांत सगळी गल्ली फोनवर होती आणि सगळे एकमेकांना आधी तुम्ही निघा म्हणत होते. एकानं तर घराला कुलूप घातलं, मेव्हण्याच्या गावाला गेला, तिथं कुलूप बघून परत आला. मेव्हणा तोवर ह्याचं कुलूप बघून परत निघाला होता.

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि विचार केला. हे कंपनीत झालं असतं तर मी काय केलं असतं? सात कारखान्यांत माल तयार, एकाही ट्रकनं दार सोडलेलं नाही. अशा वेळी आम्ही एक गाडी गोल फिरवतो. ती प्रत्येक दारी थांबते, इथला माल घेते, तिथला उतरवते. पण इथं हलवायचं कुणाला? सगळे हलले तर वाढायला कुणी उरत नाही, आणि कुणीच हललं नाही तर जेवायला कुणी नाही. निम्म्यांनी हलायला हवं. निम्मे कोण, हा प्रश्न मला एक मिनिटसुद्धा पडला नाही. मी सोडले, तर ह्या सात गावांतली जवळजवळ प्रत्येक सून उरलेल्या सहांपैकी कुठल्यातरी गावची लेक आहे. स्वयंपाक झालेला आहे. आता फक्त वाढायचं.

मी देवळामागच्या घाटात गेले आणि निवेदकाच्या हातातून माइक घेतला. तो बैलांना तिसऱ्यांदा "तुफान" म्हणत होता, त्यालाही सुटल्यासारखं झालं.

"गावातल्या समस्त सुनांनी लक्ष द्यावं," मी म्हटलं. "आपापल्या माहेरी जेवायला निघायचं आहे. कंपनीच्या दोन बस कमानीपाशी उभ्या आहेत. एक उजवीकडून सात गावं फिरेल, एक डावीकडून. जिथं माहेर येईल तिथं उतरा. चार वाजता परत. घरी पुरुषमंडळी वाढतील."

बस आमच्याच गल्लीतल्या बसवाल्याच्या होत्या, सुट्टीमुळे रिकाम्या. त्याला मी विचारलं नव्हतं. तो धावत आला तोवर पहिल्या बसमध्ये अठरा बाया बसल्या होत्या आणि त्यांना उतरवण्याची त्याची हिंमत झाली नाही. सगळ्यात आधी चढली ती शेजारची म्हातारी, जिचे गुडघे गेलेत म्हणून सुनेला तिची कपबशीसुद्धा जागेवर द्यावी लागते. ती चपला हातात घेऊन चढली. सून तोंड वासून बघत राहिली.

"आत्या, तुमी कुठं?"

"म्या काय आभाळातनं पडले व्हय? मला बी भाऊ हाय!"

पुढारी तावातावानं तिथं आला. "वैनी, हे ठरावात न्हाई."

"ठरावात बुधवार आहे. बाकीचं मी बघते."

"अवं पर घरी वाढायचं कुणी?"

"तुम्ही."

"आमी?" त्यानं मागं वळून बघितलं, जणू दुसरं कुणी उभं आहे.

बाकीच्या सहा गावांत फोन करायला मला वीस मिनिटं लागली. शेवटचा नणंदेला केला. "वन्सं, बस तुमच्या गावावरून जाते आहे. बसा आणि या."

"आणि हितं कोण वाढणार?"

"दाजी."

फोनवर बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "ह्यांना मिठाचा डबा कुठाय त्ये म्हाईत न्हाई." पुन्हा हसली, आणि मग एकदम थांबली. "पर मुराळी कुठाय? न्यायला मूळ आल्याबिगर मी येणार न्हाई."

"सकाळी आला होता की."

"तवा मला येता येत न्हवतं. त्ये धरायचं न्हाई."

मी म्हटलं, बसमध्ये तर बसा, पुढचं पुढं.

दीड वाजता बस कमानीपाशी आली. पंचवीस-तीस लेकी उतरल्या, कुणी काकाला हाका मारत, कुणी जुन्या मैत्रिणीच्या गळ्यात पडत. नणंद उतरेना. दाराजवळच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, पुढं चार गावं हायेत." ती म्हणाली, "असूद्यात. माझा भाऊ न्यायला येईल, मग उतरीन." मागं टेम्पो, त्याच्या मागं बैलांचा ट्रक, हॉर्न सुरू. उरलेल्या चार गावांच्या बाया खिडक्यांतून ओरडायला लागल्या. ड्रायव्हरला नव्हे, माझ्या नवऱ्याला. "आरं ये की मर्दा! आमचं मटण गार व्हतंय!"

नवरा त्या वेळी घरी आधीच्या बसनं आलेल्या चुलत बहिणींना रस्सा वाढत होता. निरोप मिळाला तसा आला, हातात रस्सा वाढायचं वगराळं घेऊन, टोपी न घालता, सदऱ्यावर रश्श्याचे ओघळ. घरापासून कमान दोनशे पावलं असेल. तो पळत आला, बसच्या पायरीवर चढला आणि धापा टाकत म्हणाला, "आक्का, चल. न्यायला आलोय."

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मोटरसायकल कुठाय?"

"आक्का, समोरच घर हाय!"

"मूळ असं येतं व्हय, वगराळं घेऊन?"

सगळी बस हसत होती. ती हसली नाही. उठली, पिशवी त्याच्या हातात दिली, वगराळं स्वतःकडे घेतलं, आणि दोनशे पावलं त्याच्यापुढं चालत घरी आली.

जेवण कसं झालं ते विचारू नका. दर वर्षी मी ताट भरून द्यायचे आणि नवरा ते फक्त बहिणीपुढं ठेवायचा. ह्या वेळी त्यानं ताटात आधी भात वाढला, मग त्याच्यावर भाकरी ठेवली, मग भाकरीवर रस्सा ओतला. मीठ आणायला गेला तो पापडखार घेऊन आला. मी उठायला लागले तर नणंद म्हणाली, "तू बस. माझं ताट त्यानं वाढायचं ठरलंय, तू न्हाई." म्हणून मी तिच्या शेजारी बसले आणि लग्नानंतर पहिल्यांदा जत्रेचं जेवण गरम असताना जेवले. आजूबाजूच्या दारांतून भांडी पडल्याचे आवाज येत होते. पुढाऱ्याच्या घरून तर कुणीतरी "झाकणी कुठाय, झाकणी!" असं टाहो फोडल्यासारखं ओरडत होतं.

चार वाजता बस आली. नणंद चढताना भावाला म्हणाली, "ह्या वर्षीचं झालं. सही ऱ्हाऊ दे तुझ्याकडं फुडल्या जत्रेपत्तुर." तो म्हणाला बरं. मला त्यात गंमत वाटली नाही. त्या जागेच्या कुंपणावरून मी रोज कामाला जाते, आत किती गाड्या उभ्या असतात ते मला माहीत आहे. दोघांनाही माहीत आहे. तरी हा सौदा त्यांच्यात नीट चालू आहे, मी मध्ये बोलत नाही.

आठ दिवसांनी परत बैठक झाली. सातही गावांच्या पुरुषांनी पूर्वीच्या सात तिथ्या एकमतानं परत आणल्या, दहा मिनिटांत. मटणावर चर्चा झाली नाही. बायकांनी मागून सांगितलं, की एकत्र जत्राच बरी होती, बसची सोयही छान होती, तर पुढारी म्हणाला प्रत्येक गावाची अस्मिता जपली पाहिजे. हाच शब्द त्यानं पुढं फलकावरही लावला.

यंदा आमची जत्रा मंगळवारी आली. लाइनवर माझी निम्मी माणसं गैरहजर, मॅनेजर पुन्हा भगवान मोजायला लागला. मी रजा टाकली. नवरा आठ वाजता टोपी घालून मोटरसायकलवर निघाला. चाकणच्या चौकात त्या दिवशी कंटेनर आडवा झाला होता. सात किलोमीटर जाऊन यायला त्याला पावणेतीन तास लागले. अकराच्या सुमारास नणंद दारात उतरली, धुळीनं पांढरी झालेली, आणि तिनं पाय धुतले.

घरात पाहुणे मावत नव्हते. मी पदर खोचून उठले, तशी ती पाटावर बसत मला म्हणाली, "तुझं तू बाकीच्यांचं बघ," आणि भावाकडे बघून ताट पुढं सरकवलं. "आधी भाकरी. मग रस्सा वाटीत. शिकशील हळूहळू."